कर्णबधिरांचा फोन, रिचार्ज आणि ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी

पलूसची_ताई
मंडळी, सल्ला हवाय आणि थोडं भांडायचंही आहे.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. आयटीआय करून कुपवाड एमआयडीसीत टर्नर आहे. आमची ग्रामपंचायत स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करते. त्यातून एका वर्षी भिंतीवरची घड्याळं आली, एकदा ब्लँकेटं, एकदा थोडे रोख पैसे. यंदा भाऊ आणि गावातल्या आणखी दोघांनी अर्ज दिला. आम्हाला वर्षाचा डेटा रिचार्ज द्या, आणि एका मुलीकडं बटणाचा फोन आहे, तिला चांगल्या कॅमेऱ्याचा फोन द्या, एवढंच. बैठकीत एक सदस्य म्हणाले, "ऐकायला येत नाही तर फोन कशाला?" सगळे हसले. भाऊपण हसला, कारण सगळे हसतायत म्हणजे काहीतरी गमतीचं असणार. घरी आल्यावर मी त्याला सांगितलं.

आमच्या घरात सगळ्यात जास्त फोन तोच वापरतो. संध्याकाळी मित्रांशी व्हिडिओवर हातवाऱ्यांनी दोन-दोन तास गप्पा. त्याला पॅक घ्यावा लागतो तो मात्र 'अमर्यादित कॉल'चा. नुसत्या डेटाचं व्हाउचर मिळतं, पण त्याच्या आधी मूळ पॅक चालू असावा लागतो. म्हणजे जे कधीच वापरणार नाही त्याचे पैसे आधी भरायचे.

खरी अडचण घरच्या गप्पांची नाही. बँकेतून पडताळणीचा फोन येतो तेव्हा मी उचलते. पलीकडून म्हणतात, "खातेदारालाच द्या." मी म्हणते, खातेदार शेजारीच बसलाय, तो बोलत नाही. फोन बंद. त्या बँकेचं नाव घेत नाही, सगळीकडं हेच आहे. आता मला सांगा, हा पाच टक्के निधी अशा कामाला वापरता येतो की नाही? नियमावर बोट ठेवून कोणी सांगेल का?

ग्रामसेवक_जत
ताई, येतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या कलम ३७ मध्ये दारिद्र्य निर्मूलन आणि विकास योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, त्यातही दिव्यांग महिलांना प्राधान्य. आपल्याकडं जुन्या कायद्याच्या काळात स्थानिक संस्थांचा हा निधी तीन टक्के होता, तो पाच झाला. वैयक्तिक लाभही देता येतो, सामूहिक खर्चही करता येतो.

अडचण लेखापरीक्षणाची. घड्याळ दिलं की पावती, फोटो, सही, फाइल बंद. रिचार्ज दिला की लेखापरीक्षक विचारणार, वस्तू दाखवा. म्हणून आम्ही लोक वस्तूकडं पळतो, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू? तुम्ही अर्जात 'रिचार्ज' लिहू नका. 'संवाद साहाय्य' लिहा, रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यावर मागा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची) प्रत जोडा. आणि मासिक सभेवर सोडू नका, ग्रामसभेत ठराव घ्या. ग्रामसभेचा ठराव असला की आमच्यासारख्याला सही करायला बळ येतं.

निवृत्त_टेलिफोनवाला
मी मिरजेत टेलिफोन खात्यात होतो. ग्रामपंचायतीच्या मागं लागाच, पण तिथं पाच टक्के म्हणजे बहुतेक गावांत काही हजार रुपये. मोठा पैसा दुसरीकडं आहे आणि तो नेमका टेलिफोनचाच आहे, हे कोणाला ठाऊक नसतं.

१९९९ च्या दूरसंचार धोरणात सार्वत्रिक सेवेचा निधी ठरला आणि १ एप्रिल २००२ पासून सुरू झाला. प्रत्येक टेलिफोन कंपनीनं आपल्या समायोजित महसुलातले पाच टक्के त्यात भरायचे. हा पैसा शेवटी तुमच्याआमच्या बिलातूनच जातो, म्हणजे ताईंचा भाऊ न वापरलेल्या कॉलचे पैसे भरतो त्यातलेही काही तिकडं पोचतात. कल्पना अशी की जिथं धंदा परवडत नाही तिथं या पैशानं सेवा न्यायची. मात्र पैसा आधी भारताच्या संचित निधीत जमा होतो आणि संसद मंजूर करेल तेवढाच बाहेर येतो. त्यामुळं जमा झालेला आणि खर्च झालेला यात वर्षानुवर्षं हजारो कोटींचं अंतर राहिलं. खर्च झाला तो मुख्यतः खेड्यातले सार्वजनिक फोन, टॉवर आणि पुढं भारतनेटच्या, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या तारांवर. नोकरीभर आम्ही 'पोचवणं' म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत तार नेणं असंच समजत आलो. तारेच्या टोकाला बसलेला माणूस ती वापरू शकतो का, हा प्रश्न आमच्या नमुन्यात नव्हताच.

आता नवीन गोष्ट. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं या निधीचं नाव 'डिजिटल भारत निधी' केलं. त्याचे नियम ३० ऑगस्ट २०२४ ला आले, आणि त्यांत महिला, दिव्यांग आणि आर्थिक-सामाजिक दुर्बल घटक अशा वंचित गटांना दूरसंचार सेवा पोचवण्याच्या योजनांना पैसा देता येईल असं लिहिलंय. कागदावर दार उघडं आहे. आत कोण जातंय ते बघायचं.

हळद_सौदा
सगळ्यांचा राग ओढवून घेतो, पण बोलतो. आमच्या भागात अजून श्रवणयंत्र न मिळालेली पोरं आहेत. आधी त्यांना यंत्र द्या, मग रिचार्ज. आणि डेटा दिला की पोरं रील बघणार, हे कोण तपासणार? सरकारी पैशावर मी बापाच्या पैशाइतकाच हिशेब मागतो.

पलूसची_ताई
ऐकू येणाऱ्या पोरांच्या रिचार्जवर कोण काय बघतं याचा हिशेब तुम्ही मागता का? माझ्या भावाला श्रवणयंत्राचा उपयोग नाही, त्याचा दोष नसेचा आहे. त्याला 'आधी यंत्र' म्हणजे काय?

मिरज_ऑडिओ
मी कानाच्या तपासण्या करते, थोडं माझंही ऐका. हळद_सौदांचं एक बरोबर, यंत्र वेळेत मिळायलाच हवं. केंद्राच्या एडिप योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळतं. लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटही (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र) त्याच योजनेतून होतं. पण शिबिरात यंत्र वाटलं की फोटो निघतो आणि सगळे घरी जातात. नंतर सेल संपतात, कानातला साचा मुलाची वाढ झाली की सैल होतो आणि शिट्टी वाजायला लागते, नळी कडक होते. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी घरांत यंत्र कपाटात असतं, अगदी नवंकोरं. वस्तूला पैसा आहे, वस्तू चालू ठेवायला नाही. रिचार्जचंही दुखणं तेच.

दुसरं म्हणजे यंत्र आणि फोन यांचं नेहमी जमतंच असं नाही. यंत्र फोनला लावलं की काहींना घरघर ऐकू येते. टेलिकॉइलचं, म्हणजे फोनचा आवाज थेट यंत्रात घेणाऱ्या सोयीचं बटण असलेलं यंत्र आणि त्याला जुळणारा फोन असेल तर आवाज स्वच्छ येतो, पण वाटपाची यंत्रं निवडताना हा विचार कोण करतं? ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, ९ जुलै २०१८ ला दिव्यांगांसाठी दूरसंचार सुलभ करण्याच्या शिफारशी दिल्या, हँडसेट बनवणाऱ्यांवरही त्यात जबाबदारी सुचवली होती. दुकानात जाऊन विचारा, दिव्यांगांसाठीचा फोन कुठला म्हणून. मोठ्या आकड्यांचा आजोबा-फोन दाखवतील.

शिकागोकर_विश्रामबाग
मूळ सांगलीच्या विश्रामबागचा, सध्या इकडं अमेरिकेत. इथली पद्धत सांगतो, कारण इथं हा प्रश्न 'दया' या खात्यातून बाहेर काढलाय.

सुरुवात अशी. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्त नावाच्या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञानं टाकाऊ टेलिप्रिंटर साध्या फोनच्या तारेला जोडायचं यंत्र बनवलं. दोन्ही टोकांना यंत्र असेल तर टाइप करून बोलता यायचं. पण डॉक्टरकडं, दुकानात, पोलिसांत कुठं ते यंत्र असणार? मग मध्ये एक माणूस बसवायची पद्धत आली. कर्णबधिर टाइप करणार, मधला माणूस ते वाचून पलीकडच्याला बोलून दाखवणार आणि त्याचं उत्तर टाइप करणार. सुरुवातीला हे काम स्वयंसेवक करायचे. १९९० च्या अपंगत्व कायद्यानं ते टेलिफोन कंपन्यांवर बंधनकारक केलं, २६ जुलै १९९३ पर्यंत देशभर, चोवीस तास. ७११ फिरवलं की लागतं. ग्राहकाला साध्या कॉलपेक्षा जास्त पैसे पडता कामा नयेत ही अट. खर्च एका निधीतून होतो आणि त्या निधीत सगळ्या कंपन्या भरतात. पुढं व्हिडिओवरून साइन लँग्वेजचा दुभाषी आला, त्याचं बिलही तिथूनच. २०१० च्या कायद्यानं बहिरे-अंध अशा दोन्ही अडचणी असलेल्या लोकांच्या उपकरणांसाठी त्याच निधीतून वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंत तरतूद केली. उपकरणाबरोबर ते शिकवायला येणाऱ्या माणसाचा खर्चही त्यात धरलाय, मिरज_ऑडिओताईंचा मुद्दा तिथं कोणाला तरी सुचला होता.

निवृत्त_टेलिफोनवाला काकांनी सांगितलेला आपला निधी आणि हा निधी, पैसा गोळा करायची रीत जवळपास सारखीच. फरक खर्च कशावर करायचा यात आहे.

हळद_सौदा
आणि मधल्या माणसाच्या मिनिटांचं खोटं बिल कोणी लावलं तर? आपल्याकडं तर गाडीभर लावतील.

शिकागोकर_विश्रामबाग
लावलं की. इथंही लावलं. व्हिडिओ दुभाष्याचं बिल मिनिटावर मिळतं, मिनिटाला काही डॉलर. काही कंपन्यांनी लोकांना पैसे देऊन उगाच कॉल लावायला लावले, तासन् तास लाइन चालू. नोव्हेंबर २००९ मध्ये २६ जणांवर गुन्हे दाखल झाले. मग दर बदलले, नोंदणी सक्तीची केली, तपासणी वाढवली. सेवा बंद नाही केली. तुमची शंका रास्त आहे, पण त्यावर उपाय तपासणी हा आहे. सांगलीत रेशनमध्ये गडबड झाली म्हणून रेशन बंद करा असं तुम्ही म्हणाल का?

हातवारे_जिंदाबाद
मी कर्णबधिर. सांगली गावभाग. मराठी लिहितो, चुका असतील.

सर्व लोक पैसा बोलतात. मी पूर सांगतो. २०१९ ऑगस्ट. आयर्विन पूल ४५ फूट धोका. पाणी ५७ फूट वर गेले. गल्लीत गाडी आली, भोंगा वाजला, घर सोडा. मला कळले नाही. मी एकटा वरच्या खोलीत झोपलो. आई बाबा आधीच मामाकडे. सकाळी जिन्यात पाणी. शेजारी मुलगा आला, हात धरून नेले. फोन होता, चार्ज होता. मेसेज एकही नाही. भोंगा सर्वांना, मला नाही.

रिचार्ज पाहिजे. पण पुराची माहिती फोनवर अक्षरात पाहिजे, व्हिडिओ सांकेतिक भाषेत पाहिजे. मला मोठे मराठी वाचायला वेळ लागतो. माझी भाषा हात आहे.

पलूसची_ताई
दादा, चुकांची काळजी नको. मी पण पूर बघितलाय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ग्रामसेवक_जत
हे कलम मी पाठ केलंय, कारण त्या पुराच्या पुढच्या वर्षी आमच्याकडं बैठकीत विषय निघाला होता. आपल्या दिव्यांग हक्क कायद्याचंच कलम ८. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जे जिल्हा प्राधिकरण असतं, जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात ते, त्यांनी जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची माहिती त्यांना पोचेल अशी व्यवस्था करायची आहे. 'करावी' असं आहे, 'जमल्यास' नाही. मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या नदीकाठच्या तालुक्यांत प्रत्येक गावच्या पूर आराखड्याला अशी यादी जोडलेली असायला पाहिजे. पावसाळ्याआधी माहितीच्या अधिकारात मागा. यादी असली तर तुमचं काम सोपं, नसली तर जास्तच सोपं.

निवृत्त_टेलिफोनवाला
भोंग्याला आता पर्याय आहे. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आठवतंय? घरात घाबरगुंडी उडालेली. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवरच्या पट्ट्यातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी मराठीत मजकूर, जोडीला थरथर. कोणाचे नंबर लागत नाहीत, इंटरनेट लागत नाही, रिचार्ज संपला तरी चालतं. कोयनेतून विसर्ग वाढवला की कृष्णाकाठच्या टॉवरांवर हा संदेश टाकणं तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. फोन उशाखाली ठेवला तर झोपेतही कळेल. हातवारे_जिंदाबाद, सेटिंगमध्ये आणीबाणी सूचना चालू आहेत का ते आजच बघा.

पण २०१९ ला टॉवरच्या बॅटऱ्याच संपल्या होत्या. टॉवर उभा, पण मुका. म्हणून यादी करा आणि शेजारचा मुलगाही नेमा, दोन्ही.

टॉकबॅक_तासगाव
मी अंध आहे. धागा कर्णबधिरांचा आहे म्हणून गप्प होतो, पण 'दिव्यांगांचा फोन' म्हटलं की आमचंही दुखणं तिथंच येतं. माझा फोन मला वाचून दाखवतो, मराठीत, बरा वाचतो. नवीन सिम घ्यायला गेलो की कॅमेऱ्याकडं बघून डोळे मिचकवा म्हणतो. माझ्या कृत्रिम डोळ्यांनी काय मिचकवू? दुकानदार माझी हनुवटी धरून चेहरा चौकटीत बसवत होता, मागं रांग. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं यावर निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक अंध याचिकाकर्ता होते. डिजिटल सुविधा मिळणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयानं म्हटलं आणि केवायसीबद्दल वीस निर्देश दिले. निकालाची प्रत फोनमध्ये ठेवलीय. पुढच्या वेळी हनुवटी धरणाऱ्याला वाचून दाखवणार, फोनच वाचेल.

माझा मुद्दा पैशाचा एवढाच. बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही, सुरुवातीला नीट बनवलं तर. नंतर ठिगळं लावायला लागतो.

हळद_सौदा
ठीक. पुराचं पटलं. रिचार्जचंही अर्धं पटलं. पण ताईंच्या मूळ प्रश्नाचं काय? बँकेचा फोन आला तर रिचार्ज असूनही भाऊ काय करणार? मधला माणूस आपल्याकडं आहे का कुठं?

सांगली_दुभाषी
आहे, थोडा. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ रिले सेवा सुरू केली. कर्णबधिर व्यक्ती व्हिडिओ कॉल करते, दुभाषी पलीकडच्याशी बोलतो. केंद्र २०१५ चं, सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश त्यांचाच. पण एक दिल्लीतलं केंद्र सगळ्या देशाला पुरणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याची अडचण असलेले ५० लाखांवर होते. शिवाय दिल्लीच्या दुभाष्याला विट्याच्या दुकानदाराचं मराठी कसं कळणार? 'व्हय, बघतो की' याचा अर्थ हो की नाही, हे मला सांगलीत राहूनही कधीकधी कळत नाही.

दुभाषी तयार व्हायला दोन वर्षांची पदविका लागते. करून आलेल्याला काम कुठं? कोर्टात, पोलिसांत, दवाखान्यात बोलावतात तेव्हा जाण्यायेण्याचं भाडं मागितलं तरी 'समाजसेवा आहे ना' म्हणतात. मी सध्या दुपारपर्यंत दुकान बघते आणि मग हे करते. जिल्ह्याला दोन जरी दुभाषी पगारावर बसवले, एक सिव्हिलला आणि एक व्हिडिओवर, तर ताईंच्या भावासारख्या कितीतरी जणांना घरच्यांच्या मागं फिरावं लागणार नाही. डॉक्टरसमोर आईनं किंवा बहिणीनं सांगायचं म्हणजे काही गोष्टी माणूस सांगतच नाही. बायकांचे आजार, नवरा-बायकोतलं, कर्जाचं.

शिकागोकर_विश्रामबाग
इंग्लंडमध्ये तर जून २०२२ पासून आणीबाणीच्या ९९९ क्रमांकालाही व्हिडिओवरून साइन लँग्वेजचा दुभाषी मिळतो, चोवीस तास. आपल्या ११२ ला असं काही जोडलं तर?

सांगली_दुभाषी
जोडा की. पण रात्री तीनला मी बसणार असेन तर मला रात्रपाळीचा पगार लागेल. तेवढं ठरावात घाला.

मिरज_ऑडिओ
तोवर एक फुकटची सोय. फोनवर समोरच्याचं बोलणं अक्षरात दाखवणारं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे गूगलचं ॲप २०१९ पासून आहे, मराठीही चालतं. उशिरा ऐकू येईनासं झालेल्या, वाचता येणाऱ्या माणसाला चांगलं. कृष्णाकाठची बोली आणि मागं पंखा चालू असला की भलतंच लिहितं. समोरासमोर बोलताना उपयोगी, फोन कॉलवर नाही. हातवारे_जिंदाबाद म्हणाले तसं, सांकेतिक भाषा हीच पहिली भाषा असलेल्यांना यानं भागणार नाही.

पलूसची_ताई
ठरावाचा मसुदा लिहिलाय, चुकलं तर सांगा. एक, गावातल्या कर्णबधिर व्यक्तींना पाच टक्के निधीतून संवाद साहाय्य म्हणून वर्षाच्या डेटाची रक्कम थेट खात्यावर. दोन, त्या मुलीला व्हिडिओ चालेल असा फोन, आणि श्रवणयंत्र असलेल्यांना सेल व साच्याचा खर्च. तीन, पूर आराखड्यात दिव्यांगांची यादी आणि प्रत्येकाला ठरवून दिलेला एक शेजारी. चार, जिल्हा परिषदेनं आपल्या दिव्यांग सेसमधून पगारी दुभाषी नेमावेत अशी ग्रामसभेची शिफारस, रात्रपाळीसकट.

भाऊ म्हणतोय पाचवं घाला. ग्रामसभेत तो स्वतः बोलणार आणि सांगली_दुभाषी ताईंना त्या दिवसाचं मानधन ग्रामपंचायतीनं द्यायचं.

ग्रामसेवक_जत
पाचवं पहिलं करा. सभेच्या नोटिशीतच लिहून घ्या, म्हणजे खर्च आधी मंजूर. नाहीतर सभा संपल्यावर पावतीला हेड सापडत नाही.

हळद_सौदा
चौथ्यात तपासणीची ओळ टाका. दुभाष्यानं महिन्याला किती जणांचं काम केलं याचा तक्ता लावायचा. तेवढं टाकलंत तर आमच्या गावातही हाच ठराव मी मांडतो.

सांगली_दुभाषी
तक्ता चालेल. त्यात नावं आणि कामाचं स्वरूप येणार नाही, फक्त आकडा. डॉक्टरकडचं बोलणं मी कुठल्याही सभेत फळ्यावर लावू देणार नाही.

हातवारे_जिंदाबाद
ग्रामसभा कोणती तारीख? मी पण येतो. व्हिडिओ काढतो, आमच्या ग्रुपवर टाकतो.